ज्याची पोळी, त्याची नोंद

मुक्त ज्ञानकोश कसा घडतो : लेखांक 9

सुरतेतल्या कतारगामच्या हिरे कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसणारा रत्नकलाकार असो की त्याच कंपनीची वेबसाइट सांभाळणारा तरुण, आपल्या कंपनीबद्दल त्यांना जेवढं ठाऊक असतं तेवढं बाहेरच्या पत्रकाराला असणं शक्य नाही. रफ माल कुठून येतो, कोणत्या वर्षी लेझर यंत्रं आली, मंदीत किती घंट्या बंद पडल्या, हे त्यांनी आतून पाहिलेलं असतं. इथली अनेक माणसं अमरेली-भावनगरकडून गावच्या ओळखीने आलेली. शेठ आणि कारागीर यांच्यात पगारापलीकडचा धागा असतो आणि खाल्ल्या मिठाला जागणं हा इथे खराखुरा गुण मानला जातो. अशा माणसाला विकिपीडियावर आपल्या कंपनीची नोंद नाही किंवा चुकीची आहे असं दिसलं, तर ती आपणच लिहावी असं वाटणारच. तिथे कोणीही लिहू शकतो म्हणतात, मग नोकरी करणाऱ्यालाच मज्जाव का? माझं म्हणणं असं की त्याच्या माहितीला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती त्याने पडद्याआड राहून लिहिण्याला. आणि कंपनीशी असलेलं नातं सांगितल्यानंतरही नोंदीतला शेवटचा शब्द त्याचा असू नये.

याचा पुरावा सुरतेच्याच इतिहासात आहे. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. त्या दिवसांचा बराच तपशील आपल्याला मिळतो तो वखारीतल्या कागदपत्रांतून आणि वखारीच्या पाद्र्याने धाडलेल्या पत्रातून. ही सगळी ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारी नोकरांची लेखणी. वखार आपण कशी राखली हे मालकांच्या मनावर ठसवण्यात त्यांचा सरळ फायदा होता, आणि सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला हे रंगवून सांगितल्याने आपलं शौर्य आणखी उठून दिसत होतं. तरीही जदुनाथ सरकारांपासून पुढच्या इतिहासकारांनी ही पत्रं बाजूला टाकली नाहीत. लिहिणारा कोण, त्याने कोणाला आणि कशासाठी लिहिलं, हे कागदावरच उघड असल्यामुळे बढाई कुठे असेल ते ओळखून वजा करता येतं. आता हाच मजकूर सही नसलेला, ‘सुरतेचा इतिहास’ म्हणून, तटस्थ निवेदकाच्या आवाजात आपल्या हाती आला असता तर? काय वजा करायचं ते कळलंच नसतं. हितसंबंधी माणसाची साक्ष मोलाची असते, पण ती साक्ष म्हणून पुढे आली पाहिजे.

विकिपीडियाच्या बाबतीत असं पडद्याआडून लिहिणं भारतात किती महागात पडू शकतं, ते ‘वायफायवन’ या सदस्यनामाच्या प्रकरणात दिसलं. हा साधासुधा सदस्य नव्हता, इंग्रजी विकिपीडियाचा प्रचालक, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेला सदस्य, होता. व्यवस्थापनाचं शिक्षण देणाऱ्या आयआयपीएम या संस्थेविषयीच्या आणि तिच्याशी संबंधित लेखांतून टीकेचा मजकूर आणि त्याचे संदर्भ काढणं, अनुकूल मजकूर भरणं, हे त्याने वर्षानुवर्षं केल्याचे आरोप झाले. विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे सुनावणी झाली आणि फेब्रुवारी 2015 मध्ये त्याच्यावर बंदी आली. खात्यामागे कोण होतं आणि त्याला कोणी पैसे दिले का, हे जाहीरपणे कधीच सिद्ध झालं नाही, आणि ते सिद्ध झाल्यासारखं बोलणं योग्यही नाही. पण त्याच काळात या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार नाही असं विद्यापीठ अनुदान आयोग सांगत होता, आणि सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एमबीए, बीबीए असे शब्द वापरण्यास मनाई केली. लाखो रुपये फी भरण्याआधी संस्थेचं नाव इंटरनेटवर शोधणाऱ्या बारावीच्या किंवा पदवीच्या मुलाला ज्ञानकोशात काय वाचायला मिळालं असेल, याचा विचार केला की हा संपादकांचा आपापसातला वाद राहत नाही.

यावर हमखास एक प्रश्न येतो : मजकूर खरा असेल तर तो कोणी लिहिला याच्याशी काय करायचंय? प्रश्न वाजवी आहे. उत्तर असं की कंपनीचा माणूस सहसा खोटं लिहीतच नाही, तो निवड करतो. सुरत डायमंड बोर्स या हिरे व्यापार संकुलाचं उदाहरण पाहा. 17 डिसेंबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन, सुमारे 67 लाख चौरस फूट बांधकाम, साडेचार हजारांच्या आसपास कार्यालयं, पेंटॅगॉनपेक्षा मोठी इमारत : सगळं खरं. उद्घाटनानंतर बरेच महिने बहुतेक कार्यालयं बंदच होती आणि व्यापारी मुंबईतलं बस्तान हलवायला तयार नव्हते, हेही तितकंच खरं. तिथल्या नोकरदाराने नोंद लिहिली तर पहिला भाग चार परिच्छेदांचा होईल आणि दुसरा ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाईल. एकही वाक्य खोटं नाही, तरी चित्र खोटं. तसंच, जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात हे विधान घ्या. हे नगांच्या संख्येचं गणित आहे. किमतीने मोजलं तर वाटा बराच खाली येतो. धंद्यातल्या माणसाला दुसरी मोजणी ठाऊक असते, पण हाताला सवय पहिलीच लिहिण्याची असते. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ हे घरात आणि कारखान्यात शोभतं. ज्ञानकोशाच्या वाचकाला मात्र टाळी कोण वाजवतंय तेच दिसत नसतं.

कतारगामला ही गोष्ट परक्या शब्दांत समजावण्याची गरज नाही. आपणच घासलेल्या हिऱ्याला ‘व्हीव्हीएस’ ही शुद्धतेची वरची प्रत देण्याचा अधिकार कारखाना स्वतःकडे ठेवत नाही. कारखान्याची नजर कितीही तयार असली तरी गिऱ्हाईक जीआयएसारख्या, स्वतः हिरे न विकणाऱ्या प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागतं. त्या प्रयोगशाळेतलाच माणूस फितूर झाला तर काय, हा प्रश्नही या धंद्याने पाहिला आहे : 2005 मध्ये प्रतवारी वाढवून देण्याच्या प्रकरणात जीआयएला चार कर्मचारी काढावे लागले. वायफायवनचं प्रचालक असणं म्हणूनच अधिक गंभीर. आणि सीव्हीडीचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचा, वाद तर इथे सर्वांच्या तोंडी आहे. असा हिरा विकणं गुन्हा नाही, नैसर्गिक मालाच्या पॅकेटमध्ये तो न सांगता मिसळणं ही फसवणूक आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या वापराच्या अटींत जून 2014 पासून नेमकी हीच रेषा आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने मालक कोण, ग्राहक कोण, संबंध काय, हे जाहीर करायचं. लिहिण्यावर सरसकट बंदी नाही, लपवण्यावर आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. इंग्रजीत सत्तर लाखांवर लेख आहेत, तिथे लक्ष ठेवणारेही भरपूर. मराठी किंवा गुजरातीत नियमित लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आतल्या माणसाने लिहायचं नाही म्हटलं तर सुरतेच्या उद्योगांवर लिहिणार कोण? शिवाय उद्या कोणी कंपनीबद्दल धडधडीत खोटं लिहून ठेवलं तर नोकराने हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. उघड खोडसाळपणा पुसायला, चुकलेली तारीख दुरुस्त करायला त्याला कोणी अडवत नाही. बाकीच्यासाठी वाट आहे : आपल्या सदस्य पानावर नोकरी सांगावी, लेखाच्या चर्चा पानावर हवा तो बदल आणि त्याचा स्वतंत्र संदर्भ द्यावा, आणि तो बदल दुसऱ्या कोणाला करू द्यावा. आपलं खरं नाव द्यायला नको, टोपणनाव चालतं. सांगायचं ते मालकाशी असलेलं नातं. मराठी विकिपीडियावर कोणी फिरकलंच नाही तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सामायिक चर्चेच्या पानावर, हाक मारता येते.

यात वेळ जातो, हे खरं. छोट्या विकिपीडियावर विनंती महिनोन्महिने पडून राहू शकते आणि कंपनीची नोंद तोवर अर्धवट दिसते. ही किंमत मला मान्य आहे, कारण कमी हात असलेल्या भाषेत एकतर्फी लेखाला दुसरी बाजू जोडणाराही लवकर येत नाही आणि तो लेख वर्षानुवर्षं तसाच खरा मानला जातो. वाट पाहण्याच्या काळात आतल्या माणसाला करण्यासारखं भरपूर आहे. कंपनीच्या हक्काची जुनी छायाचित्रं मालकाच्या लेखी परवानगीने विकिमीडिया कॉमन्सवर देता येतात. पैलू पाडण्याच्या टप्प्यांवर, घंटीच्या रचनेवर, सुरतेतल्या हिरे धंद्याच्या भाषेवर संदर्भांसह लिहिता येतं. तिथे त्याच्या शेठचं नाव यावंच लागत नाही, आणि तिथे त्याच्याइतकं जाणणारा दुसरा कोणी नाही.