आयरिश वंशावळीची साधने

आयर्लंडमधील कुटुंबांचा पूर्वेतिहास शोधण्यास उपयुक्त असे जुने अभिलेख. डब्लिन येथील ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयीन वास्तूच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी आगीत भस्मसात झाले. त्यात १८२१–५१ या काळातील चार जनगणनांची बहुतेक पत्रके, मूळ मृत्युपत्रे व चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या नष्ट झाल्या. १८६१–९१ या काळातील पत्रके शासनानेच त्यापूर्वी नष्ट केली होती. त्यामुळे १९०१ ची जनगणना ही संपूर्ण देशाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना होय.

ही उणीव इतर साधनांनी अंशतः भरून निघते. कॅथलिकेतर विवाहांची नागरी नोंदणी १८४५ पासून, तर सर्व जन्म, मृत्यू व विवाह यांची १८६४ पासून सुरू झाली. तत्पूर्वीच्या काळासाठी कॅथलिक पॅरिशांच्या नोंदवह्या महत्त्वाच्या आहेत. त्या स्थानिक चर्चमध्येच राहिल्याने बचावल्या. दशांश कराच्या वह्या (१८२३–३७) व ग्रिफिथ यांचे मूल्यांकन (१८४७–६४) यांत जमीन धारण करणाऱ्यांची नावे मिळतात. १९०९ मध्ये वार्धक्यवेतन सुरू झाल्यावर वयाच्या पुराव्यासाठी १८४१ व १८५१ च्या जनगणनांतून काढलेले उतारेही टिकून आहेत. मूळ पत्रकांबरोबर लोपलेल्या काही कुटुंबांचा मागोवा त्यांवरूनच लागतो.

एकाच नावाच्या व्यक्ती पुष्कळ आढळत असल्याने, कुटुंबाचे ‘टाउनलँड’ म्हणजे सर्वांत लहान भूविभाग निश्चित करणे, ही अशा शोधाची पहिली पायरी ठरते.