बिजासन घाटातला प्लग रामघाटावर

डिसेंबरात उज्जैनच्या रामघाटावर पहाटे तीनच्या आधीच वर्दळ सुरू होते. महाकालाच्या भस्मारतीला जायचं, तर क्षिप्रेतली बुडी त्यापूर्वीच उरकावी लागते. हरसिद्धी मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांत रात्रभर दवात भिजलेल्या गाड्या उभ्या असतात आणि त्यांत एमएच पासिंगच्या बऱ्याच दिसतात. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलण्यापूर्वी याच गावात होती. मराठी माणसाला उज्जैन कधी परमुलूख वाटलंच नाही.

अशा गारठ्यात साधी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. ट्यूनिंग करून ‘कोल्ड’ प्लग घातलेली गाडी मात्र कधी कधी चार-पाच सेल्फ खाते, फुरफुरते, पेट्रोलचा वास सोडते आणि पुन्हा गप्प बसते. बॅटरी बदला, पंप बघा, असे सल्ले मिळतात. खोट बहुतेकदा करंगळीच्या नखाएवढ्या चिनीमातीच्या टोकात असते.

ट्यूनिंगवाल्यांची एक लाडकी गाडी म्हणजे चाकणला 2022 पर्यंत बनत असलेली पोलो. 2013 साली आलेल्या तिच्या जीटी टीएसआय मॉडेलचं 1.2 लिटरचं टर्बो इंजिन कंपनीकडूनच 105 पीएस ताकद घेऊन यायचं. रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवला की ताकद वाढते, तशी सिलिंडरमधली उष्णताही. प्लगचं टोक फार तापून लाल झालं, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही. म्हणून थंड प्लग.

या ‘थंड’ शब्दानेच घोळ होतो. ठिणगी थंड नसते, कमजोरही नसते. फरक असतो तो आतल्या पांढऱ्या नळीच्या लांबीचा. नळी लांब असेल तर उष्णतेला इंजिनच्या हेडपर्यंत पोचायला वळसा पडतो आणि टोक गरम राहतं. आखूड असेल तर उष्णता झटकन निघून जाते. एक पायरी थंड प्लग घातला की टोकाचं तापमान साधारण 70 ते 100 अंशांनी उतरतं.

आता काजळीचं. टोक सुमारे 450 अंशांच्या वर असेल तरच त्यावर बसलेली काजळी जळून जाते. त्याखाली ती साचत राहते, आणि काजळी म्हणजे कार्बन, विजेला वाट देणारा. कॉइलमधून आलेला विजेचा दाब गॅप ओलांडण्याऐवजी काजळीवरून गुपचूप बॉडीला उतरतो. त्यात गार इंजिनला पेट्रोल जास्त दिलं जातं, ते प्लगवर ओलं बसतं. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्ट दहाच्या आसपास घसरतात. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असेल तर गारठ्यात त्याची वाफही नीट होत नाही.

गंमत अशी, की धुळ्याहून निघून सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढताना हाच प्लग अगदी बरोबर असतो. इंजिन तापलेलं, टर्बो भरात, टोक स्वच्छ. उज्जैनला पोचल्यावर मात्र गाडी दोन दिवस हॉटेल ते पार्किंग अशा किलोमीटर-दीड किलोमीटरच्या फेऱ्या मारते. इंजिन धड तापायच्या आत बंद. काजळी जमते ती इथे.

चेतक चालवलेल्या पिढीला हे नवं नाही. स्कूटर आडवी करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा किक. आजच्या इरिडियम प्लगवर मात्र पॉलिश पेपर चालवायचा नाही, त्याचं बारीक टोक खराब होतं. पेट्रोल जास्त होऊन इंजिन ‘ओव्हर’ झालं असेल, तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. त्या वेळी पेट्रोल बंद होऊन नुसती हवा फिरते आणि प्लग वाळतो.

तेवढ्याने भागलं नाही, तर आधी प्लगची गॅप मोजावी. ती जास्त असेल तर टर्बोच्या दाबाखाली ठिणगी विझतेच, शिवाय सेल्फ मारताना पडलेल्या व्होल्टवर ती ओलांडणंही जड जातं. गॅप ठीक असूनही टोक काळंकुट्ट असेल, तर एक पायरी गरम प्लगकडे परतायचं. पण रिमॅप करणाऱ्याला विचारून. नुसता आकडा सांगून दुकानातून प्लग आणू नये. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. उज्जैनच्या एखाद्या स्पेअर पार्टच्या दुकानात एका कंपनीऐवजी दुसरीचा प्लग हाती पडला, तर ‘सातच्या जागी सहा’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला प्लग खरंच गरम मिळाला का, हे नुसत्या आकड्यावरून कळायचं नाही.