राखेची पारख

हिंगोली जिल्ह्यात हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर होते. वसमतची हळदीची बाजारपेठ तर दूरवर प्रसिद्ध आहे. शेतातून काढलेली हळद वाळवण्यापूर्वी शिजवावी लागते. त्यासाठी शेतोशेती भट्ट्या पेटतात आणि मागे राखेचे ढीग उरतात. साध्या सरपणाची राख शेतकऱ्याच्या उपयोगी पडते. तिच्यात चुना व पालाश असते, म्हणून ती खताच्या खड्ड्यात टाकतात. पूर्वी घरोघरी राखेनेच भांडी घासली जात.

परंतु सर्वच राख अशी गुणकारी नसते. लाकडाला वाळवी व बुरशी लागू नये म्हणून त्यात कधी कधी रसायने मुरवतात. डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सोंती कामेसन यांनी 1933 साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे असे एक मिश्रण शोधून काढले. ते मुरवलेले लाकूड जमिनीत पुरले, तरी वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यामुळे खांब, कुंपणे व कारखान्यांतील पाणी थंड करणारे मनोरे यांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. लाकूड उभे आहे तोवर ही रसायने त्याच्या तंतूंना घट्ट धरून राहतात. लाकूड पेटवले की मात्र सारेच बदलते.

अग्नीने लाकूड जळते, पण तांबे, क्रोमियम व आर्सेनिक ही मूलद्रव्ये नष्ट होत नाहीत. थोडे आर्सेनिक धुरावाटे निघून जाते आणि उरलेले राखेत साठते. गाडीभर लाकडाची राख फार तर घमेलेभर होते. अर्थात गाडीभर लाकडात विखुरलेले विष त्या घमेल्यात एकवटते. शिवाय आता त्याला धरून ठेवणारे तंतू उरलेले नसतात, म्हणून ते पाण्यात सहज उतरते. आर्सेनिकपासूनच सोमल हे कुप्रसिद्ध विष होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या राखेचे भय कळेल.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आठ माणसांचे एक कुटुंब सुमारे तीन वर्षे आजारी पडत होते. त्यांचे केस गळत आणि हिवाळ्यात आजार बळावे. थंडीत घर उबदार ठेवण्यासाठी शेगडीत असेच लाकूड जाळले जात होते. त्या राखेत आर्सेनिक सापडले आणि आजाराचे मूळ उमगले. ही हकिकत 1984 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जनावरांनाही हा धोका मोठा आहे. राख खारट लागते, म्हणून गुरे ती चाटतात आणि प्राणास मुकतात.

अशी राख कोठे पडलेली आढळली, तर मुलांनी तिला हात न लावता वडीलधाऱ्यांना सांगावे आणि गुरांना दूर ठेवावे. राख पूर्ण थंड झाल्यावर मोठ्या माणसांनी नाकातोंडावर योग्य मुखपट्टी व हातांत रबरी मोजे घालून ती गोळा करावी. कोरडी राख झाडू नये, कारण ती उडून श्वासात जाते. तिच्यावर पाण्याचा हलका शिडकावा करावा, मात्र ओघळ वाहू देऊ नये. मग फावड्याने राख व तिच्याखालची मातीची पातळ साल उचलून जाड पिशव्यांत दुहेरी बांधावी आणि वर ‘विषारी राख’ असे लिहावे. ती उकिरड्यात, विहिरीजवळ किंवा कयाधू नदीच्या पात्रात मुळीच टाकू नये. ग्रामपंचायतीस किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे. तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. काम झाल्यावर स्नान करावे व कपडे वेगळे धुवावे.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे असे लाकूड चुलीत घालूच नये. नव्या लाकडावर हिरवट छटा दिसते, परंतु उन्हापावसात ती विटते आणि मग ते साध्या लाकडासारखेच भासते. म्हणून जुने खांब, कुंपणाच्या मेढी किंवा रंगवलेल्या फळ्या सरपणात घेऊ नयेत. राख पाहून तिचे विष ओळखता येत नाही. पारख करायची ती लाकडाची आणि तीही काडी ओढण्यापूर्वी.