जुन्या मोटारगाडीतील न सुटणारे ब्रेक : दोषनिदानाची क्रमबद्ध पद्धती

प्रस्तावना :

ब्रेक न लागणे हा दोष चालकाच्या तत्काळ लक्षात येतो. ब्रेक पूर्णपणे न सुटणे हा दोष मात्र बराच काळ दुर्लक्षित राहतो. गाडी जड चालते, इंधन अधिक लागते आणि दोष इंजिनाला दिला जातो. हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. सतत घासणाऱ्या ब्रेकची उष्णता ब्रेकमधील द्रवापर्यंत पोहोचते. द्रव उकळल्यास त्यात वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते; परिणामी पेडल खाली जाऊनही चाकापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. अशा रीतीने घाट उतरताना न सुटणारा ब्रेकच न लागणारा ब्रेक ठरू शकतो. सुटे भाग बदलण्यापूर्वी या दोषाचे निदान कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ब्रेकची रचना व कार्य :

१९८३ ते २०१४ या काळात भारतात तयार झालेल्या मारुती ८०० या गाडीच्या नंतरच्या नमुन्यांत पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक आढळतात. प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. दोन्ही प्रकारांत पास्कलच्या नियमानुसार मास्टर सिलिंडरमधील दाब द्रवामार्फत चाकांपर्यंत जातो. ब्रेक सुटण्याची क्रिया मात्र भिन्न आहे. ड्रममध्ये स्प्रिंग ब्रेक शूंना मागे ओढते. डिस्कमध्ये कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचे रबरी सील दाबाखाली किंचित वाकते व दाब जाताच पूर्वस्थितीला येताना पिस्टनला अत्यल्प मागे घेते. ही ओढ क्षीण असल्याने थोडा गंज किंवा थोडा उरलेला दाबही पॅड डिस्कला चिकटवून ठेवण्यास पुरेसा होतो.

पेडल सोडल्यावर द्रव मास्टर सिलिंडरमधील एका बारीक छिद्रातून टाकीत परततो. उष्णतेने प्रसरण पावलेल्या द्रवालाही हीच वाट असते. ती बंद झाल्यास गाडी जसजशी चालते तसतसे ब्रेक अधिक घट्ट होतात आणि गाडी थंड झाल्यावर मोकळे होतात.

प्राथमिक निरीक्षण :

सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर, शक्यतो ब्रेक न लावता, गाडी चालवून थांबवावी. चाकांना हात न लावता त्यांच्याजवळील उष्णतेची तुलना करावी. पुढील ब्रेक स्वभावतःच अधिक काम करतात. म्हणून तुलना पुढच्या-मागच्या चाकांची नव्हे, तर डाव्या-उजव्या चाकांची करावी. एकच चाक तापल्यास दोष त्या चाकाशी किंवा त्याच्या होज पाइपशी संबंधित असण्याची शक्यता अधिक. सर्व चाके एकाच वेळी धरत असतील, तर संशय मास्टर सिलिंडरकडे जातो. केवळ मागील चाके धरत असल्यास प्रथम हँडब्रेक तपासावा.

निर्णायक चाचणी :

मूळ प्रश्न एकच आहे : दाब अडकला आहे, की एखादा भाग अडकला आहे? त्यासाठी गाडी सपाट जागी घ्यावी, जमिनीवरील चाकांना दगड लावावेत आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी. गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक सोडलेला असावा. पेडल दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवावे. पॅडचा हलका स्पर्श जाणवणे स्वाभाविक आहे. चाक अडणे स्वाभाविक नाही.

चाक अडलेले असताना त्याचे ब्लीडिंग निपल किंचित सैल करावे. द्रव उडून चाक मोकळे झाल्यास दाब अडकलेला होता. चाक अडलेलेच राहिल्यास दोष यांत्रिक समजावा : कॅलिपरचा गंजलेला पिस्टन, कोरड्या पडलेल्या सरकपिना, ड्रममधील क्षीण स्प्रिंग अथवा हँडब्रेकची गंजलेली केबल. केबल सैल करताच मागील चाक सुटले, तर निदान पूर्ण होते.

दाब अडकला असल्यास पेडल पुन्हा दाबून सोडावे आणि होज पाइपच्या वरच्या बाजूचा धातूच्या नळीचा सांधा सैल करावा. चाक न सुटल्यास होज आतून बंद आहे. फुगलेले आतील रबर पेडलचा मोठा दाब पुढे जाऊ देते, परंतु परतीचा क्षीण प्रवाह अडवते. वरच्या सांध्याशीच चाक सुटल्यास दोष त्याहून वर आहे. पुन्हा दाब देऊन मास्टर सिलिंडरचे नट दोन-तीन फेरे ढिले करावेत. त्याने ब्रेक सुटल्यास पुश रॉडला आवश्यक ती मोकळीक नाही. न सुटल्यास परतीचे छिद्र बंद आहे किंवा आतील पिस्टन मागे येत नाही.

द्रवाविषयी दक्षता :

बाजारात या द्रवास 'ब्रेक ऑइल' म्हणतात. या नावामुळेच अनर्थ घडतो. तो ग्लायकॉलवर्गीय द्रव असून खनिज तेल नव्हे. टाकीत इंजिन ऑइल पडल्यास सर्व रबरी सील फुगतात. टाकीच्या झाकणातील रबर फुगून मऊ झालेले दिसल्यास हाच संशय घ्यावा. अशा वेळी केवळ द्रव बदलून भागत नाही, सर्व रबरी भाग बदलावे लागतात. तसेच हा द्रव हवेतील आर्द्रता शोषतो. डॉट-३ द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५ अंश सेल्सिअस, तर आर्द्र स्थितीत १४० अंश असतो. डॉट-४ साठी ही मर्यादा २३० व १५५ अंश आहे. कोकणासारख्या दमट प्रदेशात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. तेथे पावसाळ्यात हँडब्रेक ओढून अनेक दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीचे लायनर ड्रमला गंजाने चिकटतात.

निष्कर्ष :

१. निपल उघडल्याने दाबाचा दोष व यांत्रिक दोष यांचा भेद स्पष्ट होतो.
२. सांधे क्रमाने सैल केल्यास दोषाचे स्थान निश्चित होते व अनावश्यक खर्च टळतो.
३. निपल उघडताच ब्रेक सुटणे ही दुरुस्ती नव्हे. मूळ दोष काढून, सांधे घट्ट करून, हवा काढल्यानंतर व पेडल कठीण लागत असल्याची खात्री झाल्यावरच गाडी रस्त्यावर आणावी.
४. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये.