थोरला होस्टेलला, धाकटा गल्ल्यावर

आलापल्ली, अहेरी, सिरोंचा, देसाईगंज. या गावांतल्या आपल्या कितीतरी घरांमध्ये एक गोष्ट दिसते. ऐपत एकाच मुलाला बाहेर शिकवण्याएवढी असते. मग अभ्यासात पुढे असलेला चंद्रपूरला किंवा नागपूरला राहून नीटची तयारी करतो आणि दुसरा अब्बूंबरोबर दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. थोरला सुट्टीत आला की बिर्याणी होते. धाकटा तर रोजच घरी असतो, त्याचे काय एवढे! मुलगी असेल तर पुष्कळदा या हिशोबात तिला धरतही नाहीत.

भावंडांची भांडणे हे काही संकट नव्हे. सकाळी सायकलवरून हाणामारी करणारी मुले दुपारी एकाच ताटात जेवतात. काळजी करावी अशा खुणा वेगळ्या असतात. नवे बाळ आल्यावर मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, कोणी पाहत नसताना बाळाला चिमटे काढते. थोडे मोठे मूल भावाची वही फाडते, त्याला मार बसला की खूश होते. दोघांपैकी एकच नेहमी मार खात असेल आणि दुसऱ्याला घाबरून राहत असेल, तर ते भांडण राहिलेले नसते. अशा वेळी अम्मी-अब्बू बहुतेक मुलाला रागावतात. आम्हाला वाटते, आधी आपण आपलीच वाक्ये आठवून पाहावीत. ‘बघ तुझा भाऊ, आणि तू!’ हे दिवसातून किती वेळा म्हटले?

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली. आईचा आग्रह असा, की प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करावे. प्रेषितांनी एवढेच विचारले, की सर्व मुलांना असेच दिले आहे काय? नाही, असे उत्तर आल्यावर त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. वडिलांनी भेट परत घेतली. ही हदीस पुढे लोकांना सांगितली ती खुद्द नोमान यांनी, म्हणजे ज्यांची भेट गेली त्यांनीच. आम्हाला हे फार मोलाचे वाटते.

वाटणीतला खडा कुठवर जातो, हे आपल्या चांद्याच्या इतिहासातही दिसते. 1755 मध्ये नागपूरचे रघुजी भोसले वारले आणि मुलांत गादीचा वाद लागला. जानोजी सेनासाहेब सुभा झाले, चांद्याचा मुलूख मुधोजींच्या वाट्याला आला. 1772 मध्ये जानोजी गेल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांत तोच वाद पुन्हा पेटला. 1775 मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या गोळीने साबाजी मारले गेले.

आपल्याकडे राज्य नाही, दुकान आहे, चार एकर धान आहे. तेवढे पुरते.

न्याय म्हणजे सर्वांना मोजून सारखे, असेही नाही. आजारी मुलाचे औषध कोणी वाटून देत नाही. फी एकाची जास्त असू शकते, पण ती का, हे दुसऱ्याला बसवून सांगावे लागते आणि त्याच्यासाठी काय ठरवले आहे तेही. आठवड्यातून थोडा वेळ प्रत्येक मुलाबरोबर एकट्याने घालवावा. भांडणात लगेच न्यायाधीश होऊ नये, पण कोणाला इजा होत असेल तर दोघांना ताबडतोब वेगळे करावे. एवढ्याने भागत नसेल तर ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर बोलता येते. यात शरमेचे काही नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी धाकट्याने होस्टेलहून आलेल्या भावाची पुस्तके चुलीत घातली. अब्बूंनी हात उगारला नाही. रात्री दुकान बंद करून दोघांसमोर हिशोबाची वही उघडली, थोरल्यावर झालेला खर्च मोठ्याने वाचला. धाकट्याने आयटीआयचे नाव काढले. आता थोरला सुट्टीत आला की चार दिवस गल्ला तो सांभाळतो आणि धाकटा बल्लारपूरला मामूंकडे जातो.