एकदा विकलेला माल

कोयनानगरच्या चढावर स्वस्त सायकलीची खरी परीक्षा होते. दुकानातील मुलाच्या सायकलीला आम्ही स्वस्तातले फ्रीव्हील बसवून घेतले. चौथ्याच दिवशी पायडल मारले तरी चाक फिरेना. दुकानदार म्हणाले, "एवढ्या पैशांत गॅरंटी कसली? एकदा विकलेला माल परत नाही."

आम्ही वाद घातला नाही. बिल पुढे ठेवले आणि त्यांच्याच मिस्त्रीला सायकल चालवून पाहायला सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हेही नम्रपणे सांगितले. फ्रीव्हील बदलून मिळाले. न मिळते तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक होताच.

परतताना मात्र शरम वाटली. आमच्या कापडाच्या दुकानातही तीच पाटी होती! मालातील ऐब लपवू नये, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण. खोट निघाल्यास माल परत करण्याच्या गिऱ्हाइकाच्या हक्काला फिक्हमध्ये 'खियारे ऐब' असे नावच आहे.

पाटी आम्ही त्याच संध्याकाळी उतरवली. व्यापारी बंधूंनो, बिल द्या, खोट आधी दाखवा. बरकत त्यातच आहे.