न्यायालयाचा हुकूम आणि न्यायाधीशाची सही

मृगाचा पाऊस होऊन रानात वाफसा आलेला असतो, पाभर बांधावर आणून ठेवलेली असते, आणि नेमका त्याच सकाळी शेजारचा बांधकरी एक टंकलिखित कागद पुढे करतो : “कोर्टाचा मनाई हुकूम आहे, या तुकड्यात पेरायचे नाही.” शेतकरी भांबावतो. चार दिवस वकिलाकडे हेलपाटे घालण्यात जातात, तोवर वाफसा उडून जातो. मागाहून कळते की, तो हुकूम नव्हताच. हुकूम मिळावा म्हणून केलेल्या अर्जाची ती प्रत होती. अर्जावर तिकीट असते, वकिलाची सही असते, न्यायालयाचे नावही ठळक अक्षरांत असते. न्यायाधीशाची सही मात्र नसते.

या सहीला एवढे महत्त्व का, हे ध्यानी घेतले पाहिजे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार न्यायाधीशाने निकाल खुल्या न्यायालयात सांगावयाचा व त्याच वेळी त्यावर तारीख घालून सही करावयाची असते. एकदा सही झाली की लेखनातील वा आकडेमोडीतील चूक दुरुस्त करणे किंवा रीतसर पुनर्विलोकन करणे, एवढे सोडल्यास खुद्द त्या न्यायाधीशालाही त्यात फेरफार करता येत नाही. त्यापूर्वीचा कागद म्हणजे केवळ मसुदा. तो कारकुनाने लिहिलेला असेल, न्यायाधीशाने स्वतः सांगून लिहविलेला असेल; पण मत बदलण्यास तोवर वाव असतो.

नुसती सहीदेखील पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली सुरेंद्र सिंग खटल्यात स्पष्ट केले. खुनाच्या खटल्यातील अपील लखनौ येथे दोन न्यायमूर्तींपुढे चालले होते. पैकी एकाने निकाल लिहवून पानोपानी सही केली, तारीख मात्र घातली नाही, आणि तो सहकाऱ्याकडे पाठविला. निकाल जाहीर होण्यापूर्वीच, २४ डिसेंबर १९५२ रोजी, त्यांचे निधन झाले. सहकाऱ्याने ५ जानेवारी १९५३ रोजी तो निकाल सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला नाही : निकाल जाहीर होईपर्यंत न्यायाधीशास मत बदलण्याची मुभा असते, आणि मृताला ती राहत नाही. अपिलाची सुनावणी पुन्हा करावी लागली. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. न्यायालयातून मिळणाऱ्या प्रमाणित नकलेवर न्यायाधीशाची शाईची सही नसते, म्हणून काही जण ती खोटी समजतात. तसे नाही. मूळ सही दप्तरातील निकालावर असते. नकलेवर नक्कल देणाऱ्या अधिकाऱ्याची सही, तारीख व न्यायालयाचा शिक्का असतो. समन्सही न्यायाधीशाऐवजी त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने निघू शकते, त्यावर शिक्का मात्र हवाच.

उलट, हातातील कागदावर सही नाही म्हणून हुकूमच झालेला नाही, असेही धरून चालू नये. मनाई हुकूम खरोखर झाला असेल व तो मोडला, तर मालमत्तेची जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तेव्हा गावच्या कार्यकर्त्याने कागदाचा खरेखोटेपणा स्वतः ठरवू नये. दाव्याचा क्रमांक, न्यायालयाचे नाव व तारीख टिपून शेतकऱ्यास त्याच दिवशी न्यायालयात पाठवावे. दाव्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक ठाऊक असल्यास ई-कोर्ट्सच्या सेवेवरही चौकशी करता येते.

हल्ली भ्रमणध्वनीवर अटकेचे ‘वॉरंट’ धाडून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. वॉरंट लेखी असावे लागते, त्यावर न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याची सही व शिक्का असावा लागतो. असे भ्रमणध्वनीवरून पैसे मागून ते मागे घेण्याची सोय कायद्यात नाही, आणि दूरध्वनीवरून होणारी ‘डिजिटल अटक’ तर नाहीच.

निकाल विरुद्ध गेला असल्यास नकलेचा अर्ज ताबडतोब द्यावा. जिल्हा न्यायालयातील अपिलाची मुदत ३० दिवसांची असून हुकूमनाम्यावर निकालाच्या दिवसाचीच तारीख पडते, मग न्यायाधीशाने त्यावर सही नंतर का केलेली असेना. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. अर्ज देण्यात दवडलेले दिवस वगळले जात नाहीत.